डावा फ्लोट

पत्र्यावर हातोडीचा हलका टोला मारायचा, कान लावायचा, चार बोटं पुढे सरकायचं आणि पुन्हा टोला मारायचा. तासाभरापासून निशिकांत पेडणेकरचं हेच चाललं होतं. सिंगापूरच्या सुंगेई काडुट भागातल्या त्या गोदामात पंखा एकच होता, आणि तो मालकाच्या टेबलाकडे तोंड करून लावलेला होता.

मालकाचं नाव टे. जहाजांच्या जुन्या घंटा, होकायंत्रं, पितळी दिवे असला माल तो विकत असे. ‘झालं का’ म्हणून त्याने दोनदा विचारलं आणि निशिकांतने दोन्ही वेळा ऐकू न आल्यासारखं केलं. घाई कुणाला आहे, हे तो नेहमी आधी बघून ठेवायचा. जिथे घाई असते तिथे काहीतरी मुरत असतं, असा त्याचा तीस वर्षांचा अनुभव होता.

तिसरे गृहस्थ प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसले होते. एतिएन व्हिदाल, वय चौऱ्याहत्तर. सिंगापूरच्या जहाजबांधणीत आयुष्य काढलेले फ्रेंच ड्राफ्ट्समन. बायको इथलीच होती, ती गेल्यावरही ते इथेच राहिले, तोआ पायोहच्या एका फ्लॅटमध्ये एकटे. निशिकांतला या कामावर त्यांनीच बोलावलं होतं. त्यांच्या मांडीवर चामड्याची जुनी बॅग होती आणि एक हात सतत तिच्या बंदावर होता. निशिकांतने तेही बघून ठेवलं.

लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली ती वस्तू लांबून कुणाला होडी वाटली असती. तो विमानाचा फ्लोट होता. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला चाकांच्या जागी अशा दोन होड्या लावतात, डावी आणि उजवी. व्हिदालनी फोनवर जी हकीकत सांगितली होती ती अशी : दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा फ्रेंच नौदलासाठी फ्लोटवर उभं राहणारं एक लढाऊ विमान तयार होत होतं. एचडी-७८०. नमुन्यादाखल एकच बनलं. ते उडवून बघण्याआधीच, १९४०च्या जूनमध्ये, फ्रान्सने जर्मनीपुढे गुडघे टेकले आणि तहानंतर ते विमान एकदाही आकाशात न जाता मोडीत निघालं. जगात आज त्याचा तुकडाही नाही. आहेत ते थोडे फोटो आणि कागद. व्हिदालचे वडील त्या विमानावर रिवेट मारणारे कारागीर होते. त्यांनी मुलाला सांगितलं होतं, की सगळं कापलं, पण डावा फ्लोट कापला नाही. पंपाचे भाग म्हणून पेटीत घालून तो मार्सेय बंदरातून सायगावला पाठवला.

आणि आता टे म्हणत होता की हा तोच. व्हिएतनाममधल्या एका मासेमाराच्या अंगणात सापडला. व्हिदालना तो विकत घेऊन वडिलांच्या गावातल्या छोट्या संग्रहालयाला द्यायचा होता. संग्रहालयाने अट घातली होती, की धातू तपासणाऱ्या तिऱ्हाईत माणसाचा सहीशिक्क्याचा रिपोर्ट हवा.

त्या दिवशी निशिकांतने पत्र्याची जाडी मोजली, रिवेटांमधली अंतरं टिपली, फोटो काढले. निघताना त्याने व्हिदालना विचारलं, वडिलांचे काही कागद आहेत का, कामाची वही वगैरे. त्या काळचे कारागीर मापं लिहून ठेवत, ती ताडून बघता आली असती. व्हिदालचा हात बॅगेवर घट्ट झाला.

“तुम्ही धातूच बघा,” ते म्हणाले. “कागदांची गरज नाही.”

निशिकांत बाहेर पडला. रस्त्यापलीकडे जरा थांबून त्याने मागे पाहिलं. टेने आपली पांढरी व्हॅन दारापाशी आणली होती आणि व्हिदाल त्याचा हात धरून तिच्यात चढत होते. घेणारा देणाऱ्याच्या गाडीतून येतो आणि त्याच्याच गाडीतून परत जातो. निशिकांतने खिशातली डायरी काढून तारीख, वेळ आणि व्हॅनचा नंबर लिहिला.

*

निशिकांत जन्माने संशयी नव्हता. मालवणहून बोटीवर गेलेला, ज्युनियर इंजिनियर म्हणून मिशा फुटायच्या वयात निम्मं जग बघितलेला, हसतमुख मुलगा होता तो. सिंगापूरला स्थिरावल्यावर त्याने जहाजांच्या तपासणीचं काम धरलं. टाक्यांत उतरायचं, पत्रे किती झिजलेत ते मोजायचं, आकडे लिहायचे, सही करायची.

शहाण्णव साली एका मालवाहू जहाजावर त्याच्याच गावाकडचा चीफ ऑफिसर भेटला. त्याने केबिनमध्ये बसवलं, सोलकढी पाजली. बोटीवर सोलकढी. चौथ्या टाकीचे आकडे आमच्या माणसांनी कालच घेतलेत, आत फार उकाडा आहे, कशाला उतरतोस, असं तो म्हणाला. निशिकांत उतरला नाही. त्याने ते आकडे लिहिले आणि सही केली. तीन महिन्यांनी त्याच टाकीत शिडीचा कठडा पत्र्यासकट सुटला आणि पांडुरंग नावाचा देवगडचा फिटर खाली पडला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. चौकशीत निशिकांतला कुणी एक शब्द विचारला नाही. कागद चोख होते.

त्यानंतर स्वतः न मोजलेला एकही आकडा त्याने लिहिला नाही. इथवर ठीक होतं. पण संशय हा गंजासारखा, जिथे सुरू होतो तिथेच राहत नाही. हळूहळू तो घरात शिरला. डॉक्टरने दिलेलं औषध दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तो बायकोला घेऊ देईना. एअरकॉन दुरुस्तीला आलेल्या माणसाचा फोटो काढून ठेवी. मुलगी किमया ऑफिसातल्या प्रतीक नावाच्या मुलाबद्दल चार वाक्यं जास्त बोलली, तेव्हा त्याने त्या मुलाच्या कॉलेजला ईमेल करून पदवी खरी आहे का विचारलं. ते किमयाला कळलं. त्यानंतर ती घरात कुणाचंच नाव घेईनाशी झाली.

सविता, त्याची बायको, एकदा म्हणाली होती, “अहो, तुम्ही आरशातसुद्धा आधी मागे कोण उभं आहे ते बघता.” ती हे हसत म्हणाली होती, पण त्याच्याकडे न बघता.

चोआ चू कांगच्या फ्लॅटवर परतल्यावर त्या संध्याकाळी निशिकांतने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. एचडी-७८० असं टाकून शोधत शोधत तो जुन्या विमानांच्या शौकिनांच्या एका संकेतस्थळावर पोचला. तिथे २००९ सालचा एक मजकूर होता. वडिलांनी न कापलेला डावा फ्लोट, पंपाचे भाग लिहिलेली पेटी, मार्सेय, सायगाव. सगळी हकीकत जशीच्या तशी. कुणाला काही माहीत असेल तर कळवावे. खाली नाव होतं, ए. व्हिदाल, सिंगापूर.

निशिकांत खुर्चीत मागे टेकला. त्याला सगळं स्वच्छ दिसलं. आधी गोष्ट पेरायची. पाच वर्षं ती मुरू द्यायची. मग गोष्टीला साजेशी वस्तू आणायची. म्हाताऱ्याने घेणारा व्हायचं, टेने विकणारा, आणि मधे एक तिऱ्हाईत सहीला आणायचा. रिपोर्ट हातात आला की त्या छोट्या संग्रहालयाला कोण विचारतो. अशा एकुलत्या एक तुकड्यासाठी जगभरचे संग्राहक रांग लावतील.

सविताने ताट वाढलं तेव्हा त्याने तिला हे सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, म्हातारे दिसायला कसे आहेत.

“त्याचा काय संबंध?”

“संबंध नाही. तुम्ही सगळं सांगितलंत, व्हॅनचा नंबरसुद्धा. माणूस कसा आहे ते नाही सांगितलंत.”

निशिकांतने आमटी भातावर ओतली. माणूस कसा आहे ते माणसाकडे बघून कळत नाही, असं त्याला म्हणायचं होतं. पण त्याला त्या क्षणी व्हिदालचा चेहराच आठवेना, बॅग तेवढी आठवत होती.

*

दुसऱ्या खेपेला तो न कळवता गेला. गोदामात टेचा मदतनीस तेवढा होता; त्याने आडकाठी केली नाही.

निशिकांत सरळ फ्लोटच्या नाकाजवळ गेला. तिथे फ्रेंच अक्षरं कोरलेली हाताएवढी पट्टी चार रिवेटांनी बसवली होती. पहिल्या दिवशी टेने दोनदा तिच्यावर टॉर्च मारून दाखवली होती, म्हणूनच निशिकांतने त्या दिवशी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आता त्याने भिंग लावलं. पट्टीच्या भोवती पत्रा खाऱ्या हवेने खाल्ला होता, पांढऱ्या भुकटीचे खळगे पडले होते. त्याने पातळ पातं पट्टीच्या कडेखाली सरकवून ती केसभर उचलली आणि उजेड आत सोडला. खळगे तसेच पट्टीखालीही गेले होते. पट्टी सत्तर वर्षांपूर्वी बसली असती, तर निदान तिच्याखालचा पत्रा वाचला असता. म्हणजे आधी पत्रा कुजला होता आणि पट्टी मागाहून आली होती.

त्याला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. उन्हातून आल्यावर थंड पाणी प्यावं तसं.

मग त्याने वरच्या बाजूच्या झाकणाचे स्क्रू काढले आणि लवचिक नळीच्या टोकाला बसवलेला छोटा कॅमेरा आत सोडला. पडद्यावर फासळ्या दिसू लागल्या, एकामागून एक, एखाद्या माशाच्या पोटात शिरावं तशा. जुनं जाळं, वाळलेला चिखल, कुठल्याशा किड्याची घरटी. पाचव्या फासळीनंतरच्या कोपऱ्यात, जिथे ना ऊन पोचलं होतं ना रंगाचा ब्रश, तिथे पत्र्यावर काळ्या रंगाने काही लिहिलेलं होतं. एक मोठं अक्षर आणि त्याखाली दोन लहान. त्याने फोटो घेतला.

घरी किमया नुकतीच आली होती. ती एका जपानी कंपनीत कामाला होती आणि त्यासाठी दोन वर्षं जपानी शिकली होती. निशिकांतने फोन तिच्यापुढे धरला. गेल्या कित्येक महिन्यांत त्याने तिला काही विचारलं होतं ते चौकशी म्हणून; मदत म्हणून पहिल्यांदाच.

तिने फोटो मोठा करून पाहिला. “बाबा, धिस वन जॅपनीज ला.”

“चिनी नाही कशावरून?”

“वरचं चायनीजमध्ये पण सेम. पण खालची दोन काताकाना आहेत, ती चायनीजमध्ये नसतातच. इ आणि रो. सीरियल असेल.” तिने वरच्या अक्षरावर बोट ठेवलं. “आणि हे हिदारी. हिदारी म्हणजे लेफ्ट. डावा.”

मग ती फोटोकडे बघतच राहिली. म्हणाली, हे साच्याने छापलेलं नाही, कुणीतरी ब्रशने लिहिलंय. शेवटचा फराटा किती नीट ओढलाय बघा, एवढ्या आतल्या जागेत. पण निशिकांत तोवर लॅपटॉपकडे वळला होता. युद्धात सिंगापूर जपान्यांच्या ताब्यात होतं, सेलेटारला त्यांची पाण्यावरची विमानं होती, हे त्याला माहीत होतं. वस्तू खरी होती, जुनी होती, डावीसुद्धा होती. फक्त दुसऱ्याच कुणाची होती.

*

शुक्रवारी सकाळी त्याने दोघांनाही गोदामात बोलावलं. व्हिदाल याही वेळी पांढऱ्या व्हॅनमधून उतरले.

निशिकांतने आधी पट्टीखालचे खळगे दाखवले, मग फोनवरचा फोटो. कोणतं अक्षर काय हे सांगितलं. टेला समजावून सांगायची गरज नव्हती. वरचं अक्षर त्याच्या चिनीतही तेच, ते त्याने आपणच वाचलं. त्याने वाद घातला नाही. मला जसा विकला तसा मी घेतला, पट्टी त्यांनीच लावली असेल, असं म्हणाला. मग त्याचा फोन वाजला की त्याने वाजल्यासारखा केला कोण जाणे. तो कानाला लावून बाहेर गेला. थोड्या वेळाने व्हॅन सुरू होऊन गेल्याचा आवाज आला.

व्हिदाल खुर्चीवर होते. ते फोटोकडे बघत नव्हते, फ्लोटकडे बघत होते. निशिकांतला वाटलं, आता हे आश्चर्याचं नाटक करतील. त्यांनी केलं नाही. ते त्याला जास्तच खुपलं.

“तुमचा भागीदार गेला,” तो म्हणाला.

व्हिदालनी मान वळवली.

निशिकांतने मग सगळं बोलून टाकलं. आवाज चढवला नाही; तो रिपोर्ट वाचल्यासारखा बोलला. २००९ साली नेटवर गोष्ट तुम्ही टाकलीत. त्या गोष्टीच्या मापाची वस्तू याने आणली. तुम्ही याच्या गाडीतून येता-जाता. वडिलांची वही बॅगेत आहे, ती दाखवत नाही, कारण त्यात या फ्लोटशी न जुळणारी मापं असणार. तुम्हाला माझं मत नको होतं, शिक्का हवा होता. अशा शिक्क्याने काय होतं ते मी एकदा पाहिलंय.

व्हिदालनी बॅगेचा बंद सोडला. आत फडक्यात गुंडाळलेली एक वही होती, खाकी पुठ्ठ्याची, कोपरे मऊ पडलेले. त्यांनी ती निशिकांतपुढे धरली.

“तुम्हाला फ्रेंच येतं?”

“नाही.”

“मग मला वाचावं लागेल.”

त्यांनी चष्मा बदलला. वहीत शिसपेन्सिलीने लिहिलेल्या बारीक ओळी होत्या, रोजची एक. पानं उलटत ते एकेक ओळ इंग्रजीत सांगत गेले. डिसेंबर १९३९. डावा फ्लोट, तिसरी फासळी. डावा फ्लोट, चौथी फासळी. बोटं गारठली, कमी काम. डावा फ्लोट, तळाचा पत्रा. एके दिवशी नुसतं, मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावा फ्लोट. दोन्ही फ्लोट दोन वेगळ्या टोळ्यांनी केले होते आणि वडील डावीकडच्या टोळीत होते. असे चार महिने. मग फ्लोट विमानाला लागला, मग आणखी काही कामं, मग बरीच कोरी पानं.

व्हिदालनी कोरी पानं उलटली नाहीत. ती कुठे संपतात ते त्यांच्या अंगठ्याला माहीत होतं.

“सोमवार,” ते म्हणाले. “इंजिन उतरवलं. मंगळवार. पंख. बुधवार, शेपूट. गुरुवार, उजवा फ्लोट कापला.” ते थांबले. “शुक्रवार. डावा फ्लोट. दुपारपर्यंत.”

पुढे काही नव्हतं. वहीची उरलेली पानंही कोरी होती.

व्हिदाल सांगू लागले. सात वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना ती गोष्ट सांगितली. पुढे ते मागत आणि वडील सांगत, प्रत्येक वेळी पेटी थोडी मोठी होई, जहाजाला नाव येई. वडील वारल्यावर ही वही सापडली. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते, न कळण्याचं वय नव्हतं. पण त्यांनी स्वतःची समजूत घातली. वही मुकादम बघत असणार, म्हणून तिच्यात खोटं लिहावं लागलं असेल. मुकादमाशी माणूस खोटं बोलेल, स्वतःच्या मुलाशी कशाला बोलेल? त्या समजुतीवर एकोणतीस वर्षं निघाली. मग नेटवर लिहिलं. मग टेचा फोन आला. गोष्ट टेने तिथूनच उचलली, हे त्याच्या पहिल्याच फोनवर त्यांना वाटून गेलं होतं.

“मग मला कशाला बोलावलंत?” निशिकांतने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला.

“हे खोटं आहे म्हणणं माझ्याने होईना म्हणून. पाच जणांना विचारलं, इथे कुणाचंही न ऐकणारा सर्व्हेयर कोण. पाचही जणांनी तुमचं नाव सांगितलं.” त्यांनी वही फडक्यात गुंडाळली. “वही दाखवली असती, तर तुम्ही पहिल्याच दिवशी घरी गेला असता. मला अजून थोडे दिवस हवे होते. आणि व्हॅनचं म्हणाल, तर बसस्टॉप लांब आहे आणि माझा गुडघा गेलेला आहे.”

निशिकांत उभा होता. त्याने माफी मागितली. आपण असं बोलायला नको होतं, असं म्हणाला. कामाची सवय आहे, असंही म्हणाला, आणि म्हणताक्षणी ते त्याला खोटं वाटलं.

व्हिदालनी हाताने नको नको केलं. “तुम्ही बरोबरच काम केलंत. पट्टीखालचं कुणी पाहिलं नसतं. पण मी तुमच्याकडे बघत होतो, मघाशी सांगताना. तुम्हाला ते सांगताना आनंद होत होता.”

निशिकांतला कॅमेरा आत सोडण्याआधीची ती गारेगार तृप्ती आठवली. किमयाच्या मित्राच्या कॉलेजचं उत्तर आलं होतं तेव्हा, पदवी खरी आहे हे वाचून आपण हिरमुसलो होतो, तेही आठवलं. पांडुरंगसाठी आपण हे सगळं करतो असं त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं. पांडुरंग देवगडला घरी खाटेवर आहे, की आता नाहीच, हे मात्र त्याने एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

व्हिदाल उठले, खुर्चीची पाठ धरून. फ्लोटजवळ जाऊन त्यांनी रिवेटांच्या ओळीवरून बोटं फिरवली. फोटो पुन्हा दाखवा, म्हणाले. या वेळी त्यांनी तो बराच वेळ पाहिला. किमया म्हणाली होती तेच तेही म्हणाले, की शेवटचा फराटा सुंदर आहे.

मग त्यांनी विचारलं, रिपोर्टमध्ये काय लिहिणार. निशिकांतने सांगितलं, वस्तू सांगितली गेली ती नाही, बहुधा युद्धकाळातल्या जपानी विमानाचा डावा फ्लोट, पट्टी नंतरची.

“माझ्या वडिलांनी त्यांचा कापला, हेही लिहा.”

“ते धातूच्या तपासणीत बसत नाही.”

“बसवा. त्यांनी चार महिने तो केला आणि दुपारपर्यंत कापला. हे अजून कुठेच लिहिलेलं नाही, ही वही सोडून. संग्रहालयाला वस्तू मिळणार नाही, निदान हे मिळू दे.”

निशिकांतने डायरी काढली. आकडे आणि नंबर यांच्याखाली त्याने ते मराठीत लिहिलं, जसं ऐकलं तसं. व्हिदालच्या वडिलांचं नाव विचारलं. ओनोरे. स्पेलिंग विचारून घेतलं. वही मात्र हातात मागितली नाही. त्या ओळी त्याने नुसत्या ऐकल्या होत्या, पडताळल्या नव्हत्या, तरी त्याने पेन बंद केलं.

*

टे परत येण्याची चिन्हं नव्हती. निशिकांतने टॅक्सी बोलावतो म्हटलं; व्हिदाल म्हणाले, आज बसने जाईन. रस्ता सरळ होता, पण लाकडाचे ओंडके घेऊन ट्रक एकामागून एक येत होते. ट्रक जवळ आला की व्हिदाल थांबत, बॅग छातीशी धरत, धूळ बसू देत आणि मग पुन्हा चालू लागत, ताठ, उजवा पाय जरा ओढत. निशिकांत दोन पावलं मागे राहिला. बरोबर चालायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

बसस्टॉपवर ते एका बाकावर बसले. व्हिदालनी रुमालाने बूट पुसले. निशिकांतला वाटलं, काहीतरी बोलावं. त्याने विचारलं, डिसेंबरमधल्या त्या ओळीत मुलगा झाला असं लिहिलंय, तो मुलगा म्हणजे तुम्हीच का. व्हिदालनी होकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, त्या दिवसापुरती ती एकच ओळ आहे, फासळीचा उल्लेख नाही. वडिलांनी त्या दिवशी काम केलं नसावं.

क्रांजीच्या एमआरटी रेल्वे स्टेशनकडे जाणारी बस आली. पायरी उंच नव्हती, पण बस कडेपासून जरा लांब थांबली होती. व्हिदालनी एकदा पायरीकडे पाहिलं, एकदा आपल्या गुडघ्याकडे. मग न बघताच बाजूला हात पुढे केला आणि तो निशिकांतच्या खांद्यावर ठेवला. सगळा भार टाकला. निशिकांतने पाय रोवले. क्षणभर त्या हाडकुळ्या, कडक बोटांची पकड त्याच्या खांद्यात रुतली आणि मग सुटली.

निशिकांतलाही तीच बस घ्यायची होती. पण दार बंद होऊन ती सुटेपर्यंत तो खालीच उभा राहिला.